तरंगणारं नाव

भाड्याने खोली देण्याआधी घरमालक काय काय विचारतात, ते पांढुर्ण्यात आल्यावर आठवडाभरात आम्हाला पाठ झालं. नोकरी कुठली, माणसं किती, पाहुणेरावळे फार येतात का, आणि मग गप्पांच्या ओघात सहज सुचल्यासारखं आडनाव. आडनाव सांगितलं की ती खोली एकाएकी कुणाच्या तरी भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. आमच्या सामानात भगवान बुद्धांचा फोटो असणार, हे त्यांना आडनावावरूनच कळायचं. शेवटी भेटलेल्या या घरमालकांनी मात्र आडनाव विचारलंच नाही. दारात उभे राहून ते आमच्या ट्रंका आणि वळकट्या बघत राहिले आणि मग घंगाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे भरून ठेवता का?"

"आंघोळीपुरतं भरतो, काकाजी," मी म्हणाले.

"आंघोळ झाली का उपडं घालाचं. घरात पानी उघडं नाही ठेवाचं. मंजूर असन तं या."

मंजूर नसायला काय झालं होतं? आम्ही त्याच दिवशी राहायला गेलो.

अंगणात मधोमध विहिरीचा गोल कठडा होता आणि त्याच्या आत काठोकाठ दगड भरलेले होते. चांगली गोड्या पाण्याची विहीर या माणसाने स्वतःच्या हातांनी बुजवली होती. संध्याकाळी त्याच दगडांवर घोंगडी टाकून ते बसत. पाणी आम्ही सगळ्या गल्लीसारखं हापशीवरून आणायचो. मी घाम गाळून आणलेली बादली जरा नजरेआड झाली की हे महाशय ती उचलून लिंबाच्या बुडाशी ओतून मोकळे. लिंबाचं झाड तेवढं तरारलं. उन्हाळ्यात मी त्यांच्या नावाने किती बोटं मोडली, ते माझं मला माहीत.

माणूस एवढा थोरला की आमच्या खोलीत वाकून शिरावं लागे. जन्म जिनिंगमध्ये काट्यावर गेला होता, कापसाची वजनं करण्यात. लग्न केलं नव्हतं. डाव्या भुवईच्या वर एक खोल वण होता आणि एक करंगळी वाकडी होती. दोन्ही गोटमारीची कमाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहून एकमेकांवर दगड फेकतं. तरुणपणी काकाजी त्या दगडांच्या माऱ्यातून नदीमधल्या झेंड्यापर्यंत धावत जायचे आणि डोळ्याची पापणीही हलवायचे नाहीत, असं गल्लीतले म्हातारे सांगत. पण ज्या वर्षी पात्रात घोट्याच्या वर पाणी असेल, त्या वर्षी ते घराबाहेर पडत नसत. हेही तेच म्हातारे सांगत, जरा आवाज खाली आणून.

बहीण त्यांची सावरगावात दिलेली होती. तिच्याकडे जायचं तर जामचा पूल ओलांडावा लागे. पुलाच्या तोंडाशी ते वाट बघत उभे राहत, कुणी ओळखीचं आलं की त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि डोळे मिटून पलीकडे जात. नदी ठणठणीत कोरडी असली तरी हाच प्रकार. गावाने या भीतीची कारणंही शोधून ठेवली होती. कुणी म्हणे धाकटा भाऊ बुडाला, कुणी म्हणे लग्न ठरलेली मुलगी बुडाली. मी एकदा सरळ त्यांनाच विचारलं.

"कोनी बुडलं नाही वो बाई," ते म्हणाले. "मले भेव वाटते. भेवाले काय कारन लागते?"

गल्लीतल्या बायका या उत्तराला हसल्या असत्या. मला हसू आलं नाही. मीही तेव्हा दिवसभर भिऊनच असायची. फरक इतकाच की माझ्या भीतीला कारण होतं.

आमचं पहिलं बाळ नामकरणानंतर महिन्याभरात गेलं. मोठा आजार नाही, काही नाही, नुसतं वाळत गेलं. त्यानंतर पांढुर्ण्याच्या घरात ही दुसरी मुलगी झाली. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा माझं धाडसच होईना. मी मॅट्रिक शिकलेली, नवससायास न मानणाऱ्या घरातली बाई. नाव ठेवल्याने मूल जात नाही, हे मला कळत होतं. पण नाव घेऊन हाक मारायची सवय लागल्यावर हाकेला ओ देणारं कुणी उरत नाही, तेव्हा काय होतं, तेही मला कळत होतं. मी नामकरण पुढच्या महिन्यावर ढकलत राहिले. मुलगी बसायला लागली, तिला दात आले, तरी ती आपली नुसती 'बाई' नाहीतर 'पोट्टी' होती.

काकाजींनी तिला गोटी म्हणायला सुरुवात केली. गोट्याला कुणाची नजर लागत नाही, गोट्याला ताप येत नाही, असा त्यांचा हिशेब. दर रविवारी ते अंगणात येऊन दोन्ही तळवे पुढे करायचे. मी लेकरू त्यांच्या हातांवर ठेवायची आणि ते डोळे मिटून तिला वर-खाली तोलायचे. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागलेला असे. पहिलं लेकरू माझ्या मांडीवर वाळत गेलं आणि मला दिसलं नव्हतं, त्यामुळे माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता.

"भरून राह्यली पोट्टी," ते म्हणायचे, आणि मग मला जेवण जायचं. त्यांच्या हातांना खरंच कळत होतं की नाही, देव जाणे. मला ते वाक्य हवं असायचं.

आमचे हे तहसील कचेरीत बाबू होते. मी कुठे जात नाही, हसत नाही, लेकराला मांडीवरून खाली ठेवत नाही, हे ते बघत होते. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर मोठी नदी, नदीत छपराची होडी आणि होडीत चहा पीत बसलेलं एक हसरं कुटुंब. वर्षभर ते चित्र बघून बघून यांच्या मनाने घेतलं की बायकोला असंच न्यायचं. कचेरीतले बडे बाबू हुशंगाबादचे होते. त्यांनी ओळखीचा नावाडी गाठून दिला. दोन दिवस नर्मदेतून हळूहळू खाली जायचं, वाटेत एखाद्या घाटावर मुक्काम, नावेतच स्वयंपाक. मी नको म्हणाले. दुधाच्या दातांचं लेकरू घेऊन पाण्यात हिंडायचं खूळ कुणाचं?

"तू घरात बसून बसून तिले भेवच शिकवून राह्यली," हे म्हणाले. ते मला लागलं, आणि मी हो म्हणून बसले.

संध्याकाळी यांनी मोठ्या उत्साहाने अंगणात जाऊन सांगितलं, "काकाजी, हुशंगाबादले नाव ठरवली. येत्या शनवारी जाऊन राह्यलो, पोट्टीले घेऊन."

आता आमच्याकडे होडीला नाव म्हणतं कोण? डोंगा म्हणतात. 'नाव' हा शब्द यांनी कचेरीतल्या हिंदीतून उचलला होता. काकाजींना नाव म्हणजे माणसाचं असतं तेवढंच ठाऊक.

"कोनं ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या बडे बाबूनं."

काकाजींचा चेहरा उतरला. घोंगडी गुंडाळून ते आत गेले. पुढचे दोन दिवस त्यांनी आमची एकही बादली ओतली नाही, त्यावरून मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. मग एका सकाळी ते दारात येऊन उभे राहिले.

"एवढं मोठं काम तुमी बाहेरच्या मानसाच्या हातून कराले निंगाले, अन् मले साधी खबर नाही. मी येतो संगं."

आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "काकाजी, तिथं नर्मदा हाय," हे म्हणाले.

"असू दे. मी दूर बसीन. नाव काय पान्यात थोडी ठेवते कोनी?"

"मंग कुठी ठेवते? नाव तं पान्यातच असते ना, काकाजी."

"पान्यात?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी मान हलवली. त्यांनी अंगणातल्या बुजवलेल्या विहिरीकडे बघितलं. "तुमच्या लोकाईची रीत असन तशी," शेवटी हळूच म्हणाले. "रीत हाय तं हाय. येतो मी."

कसली रीत, ते आम्हाला कळलं नाही, आणि त्यांच्या बऱ्याच गोष्टी आम्हाला कळत नसत, म्हणून आम्ही विचारलंही नाही.

शनिवारी ते स्टेशनवर आले ते नवं धोतर नेसून आणि खांद्यावर नवा दुपट्टा टाकून. संत्र्यांची टोपली, घुगऱ्यांनी भरलेला मोठा डबा आणि कागदात गुंडाळलेलं लाल झबलं, असा सरंजाम होता. घुगऱ्या मला वाटलं गाडीत खायला आणल्या. मी डब्याला हात लावला तर म्हणाले, "आता नाही, मंग." गाडी ज्या ज्या पुलावरून गेली, तिथे त्यांनी डोळे मिटून बाकड्याची कड धरली. दरवेळी मीही लेकराला घट्ट धरलं. भीती ही खोकल्यासारखी असते, शेजारच्याला लागतेच.

हुशंगाबादच्या घाटावर चटयांचं छप्पर घातलेली लाकडी नाव उभी होती. नावाडी आणि त्याचा भाऊ आमचं सामान आत लावत होते. काकाजी वरच्या पायरीवर थांबून इकडेतिकडे बघू लागले.

"लोकं कुठी हाय?" त्यांनी विचारलं. "अन् पाळना?"

एवढ्यात नावाडी म्हणाला, "बाबूजी, नाव तैयार है."

"तयार हाय तं सांग ना बापा," काकाजी म्हणाले, "काय नाव हाय ते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बारशाच्या घुगऱ्या, झबलं, पाळणा, रीत, बडे बाबूंवरचा राग. मला हसू फुटलं. पहिलं बाळ गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि हसत हसतच त्यांना समजावून सांगितलं की काकाजी, नाव म्हणजे हा डोंगा. हेही हसले, नावाडीही हसला. काकाजी तेवढे हसले नाहीत. काठावरून नावेत टाकलेल्या फळीकडे ते बघत होते.

"म्हंजे तुमी लेकराले डोंग्यात घालून दोन दिस पान्यात फिरवनार," ते म्हणाले. "कायले?"

"मजा म्हनून, काकाजी," हे म्हणाले.

'मजा' हा शब्द त्या पायरीवर मलाही विचित्र वाटला. माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. मी जामच्या काठी राहणारी बाई. माझ्या लेखी नदी म्हणजे पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारली की ऐकू जाते ती. इथे पलीकडचा काठ नुसता धुरकट दिसत होता. यांनी काकाजींना सांगितलं की तुम्ही परत जा, संध्याकाळची गाडी मिळेल, यात काही कमीपणा नाही. मी लेकरू घेऊन फळीवरून आत गेले. मागे बघितलं तर हा एवढा थोरला माणूस दोन्ही हात टेकून, रांगत, फळीवरून येत होता. ते आत उतरले तशी नाव त्यांच्या अंगाला कलली आणि मी लेकराला छातीशी आवळलं.

पहिल्या दिवशी नदी शांत होती. यांनी कॅलेंडरसारखा चहा केला. मुलगी खूश होती. कडेला बसवली की ती पाण्यावर हात मारायची, आणि प्रत्येक वेळी मी तिची झबल्याची नाडी मुठीत धरायची. काकाजी बरोबर मध्यावर बसून होते, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून. बऱ्याच वेळाने यांनी लेकराला "गोटी, इकडे पाह्य" म्हणून हाक मारली, तसे ते एकदम बोलले.

"गोटी म्हनू नका बाबू. इथं नाही. गोटा पान्यात काय करते, मालूम हाय ना?"

हे हसले. मला मात्र तिथून पुढे तो शब्द ऐकवेना. गंमत बघा, इतके दिवस ज्या शब्दाने मला धीर दिला, त्याचीच आता धास्ती बसली.

मग काकाजींनी नवीनच उद्योग मांडला. पाण्यावर तरंगतं काय, याचा शोध. कापसाची वाळकी काडी, पऱ्हाटी, तरंगते, पण पोरीला पऱ्हाटी कसं म्हणायचं? भोपळा तरंगतो, पण ते चिडवण्याचं नाव झालं. कापूस आधी तरंगतो आणि मग पाणी पिऊन बुडतो, हे काट्यावरच्या माणसाला सांगायला नको. त्यांनी टोपलीतलं एक संत्रं काढलं, डोळे अर्धे मिटून कडेवरून खाली सोडलं. ते डुबकन् आत गेलं. काकाजींनी श्वास धरला. संत्रं पुन्हा वर आलं आणि आमच्याबरोबर चालू लागलं. त्यांनी दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. सगळी वर आली.

"बाबा, नारंगी क्यों फेंक रहे हो?" नावाडी म्हणाला.

"नारंगी," काकाजी म्हणाले. आमच्याकडे त्याला संत्रा म्हणतात. हा शब्द त्यांनी दोनदा तोंडात घोळवला. मग माझ्या काही लक्षात यायच्या आत त्यांनी लेकराच्या कानाशी तोंड नेलं, बारशाला आत्या करते तसं "कुर्र" केलं, आणि नाव सांगितलं.

इतके महिने मी जे टाळत आले, ते या माणसाने मला न विचारता, नदीच्या मधोमध, संत्र्यावरून करून टाकलं होतं. पहिल्या बाळाच्या नामकरणाचा दिवस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि मला इतकी भीती वाटली की मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणायला लागले.

"काकाजी, तुमी हे कायले केलं?" मी म्हणाले.

"पान्यापुरतं," ते म्हणाले. "काठावर गेलो का गोटी."

त्यांनी घुगऱ्यांचा डबा उघडला आणि सगळ्यांना वाटल्या. नावाडी आणि त्याच्या भावालाही ओंजळभर दिल्या. मी घेतल्या नाहीत. घाटावरच्या धर्मशाळेत मुक्काम केला, तिथेही मी त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. नदीच्या उलट्या अंगाने आला. पाणी खडबडीत झालं, छपराच्या चटया फडफडू लागल्या. नावाडी भावाला काहीतरी ओरडून सांगत होता आणि त्याच्या आवाजात कालचा आळस नव्हता. नाव आडवी झाली. खालून कर्रकन् काहीतरी घासलं, पाण्याखालचा खडक असावा, आणि माझ्या पायाला गार लागलं. फळीच्या सांध्यातून पाणी आत येत होतं.

मी लेकराकडे हात वळवला तर मांडी रिकामी. काकाजींनी तिला केव्हा उचललं, मला कळलंही नाही. त्यांनी तिला छातीशी धरून दुपट्ट्याने स्वतःभोवती वेढे दिले होते, आणि त्या जाड बोटांनी गाठीवर गाठ मारत होते. मुलगी किंचाळत होती. यांनी घुगऱ्यांचा डबा रिकामा केला आणि पाणी उपसायला लागले. पाणी होतं तेवढंच राहत होतं.

"काकाजी, तिले माह्याकडे द्या," मी म्हणाले.

"नाही. मी पक्की बांधली. मी सोडत नाही तिले."

"द्या म्हनते ना."

"माह्या हातून कोनी घेऊ शकत नाही तिले. नदीबी नाही."

माझ्या समाधानासाठीच ते असं सांगत होते. आणि मला त्याच क्षणी दिसलं, की हा माणूस पोहत नाही. गुडघाभर पाण्यात तो कधी उतरलेला नाही. नाव बुडाली तर तो सरळ तळाला जाणार, आणि माझं लेकरू त्याच्या छातीला गाठी मारून बांधलेलं. नदीची भीती मला तोवर वाटतच होती. आता त्या दोन प्रेमळ हातांची वाटायला लागली, आणि ती फार वाईट होती. मी त्यांच्या अंगावर पडले. गाठ ओढू लागले. गाठ भिजून घट्ट झाली होती. माझी नखं मोडली. मी त्यांना मारलं, तोंडावर, छातीवर. ते हलले नाहीत. दगड झेलताना हलत नसत म्हणे, तसे.

"तुमी बुडसान," मी ओरडले. "तुमी बुडसान अन् तिले संगं न्याल."

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे उघडे होते, इतक्या पाण्यात पहिल्यांदाच. मग त्यांनी खाली त्या मुलीकडे बघितलं आणि दोन्ही तळवे तिच्या खाली घातले, रविवारी घालायचे तसे.

"खरं हाय," ते म्हणाले. "माहं वजन मले ठाऊक हाय."

गाठ सोडायला त्यांनी वेळ घालवला नाही. नवा कोरा दुपट्टा दोन्ही हातांत धरून टरकन् फाडला. लेकरू माझ्या ओच्यात ठेवलं. "मी गोटा आहो बाई," ते म्हणाले. "हिले माह्यापासून दूर धर." आणि उठून, कडा चाचपत, नावेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरे बसले, आपण बुडालो तर एकट्याने बुडावं म्हणून.

त्याचा परिणाम असा झाला की नाव त्या टोकाला खाली गेली आणि पाणी वरूनही आत यायला लागलं. "बैठ जाओ बाबा, जहाँ थे वहीं बैठ जाओ," नावाडी जीव तोडून ओरडला. काकाजींनी ऐकलं नाही. उलट आणखी सरकले. शेवटी हे तिकडे सरकले, त्यांच्या कमरेला धरून फरफटत त्यांना मध्यावर आणून बसवलं आणि पुन्हा उपसायला लागले. मी लेकराला डोक्याएवढं उंच धरलं होतं. मी तिला हाका मारत होते. पहिल्यांदाच नावाने मारत होते. नारंगी, नारंगी, नारंगी. कुणी मला ते म्हणायला सांगितलं नव्हतं. दुसरं काही तोंडात येत नव्हतं.

नाव एका रेतीच्या बेटाला जाऊन टेकली. आम्ही उतरलो, रेतीत बसलो, आणि मी मुलीचं बोटन् बोट तपासलं. काकाजी सर्वांत शेवटी उतरले आणि आमच्याकडे न येता लांबच उभे राहिले.

"पोट्टी कशी हाय?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"बरी हाय," मी म्हणाले.

"अन् तू?"

मी रडत होते. नावाड्याने सांधा बुजवून आम्हाला काठावर सोडलं. परतीच्या गाडीत ते दुसऱ्या बाकड्यावर बसले.

त्यानंतर ते कोरड्या जागी पूर्वीसारखेच होते. रविवारी अंगणात यायचे, तोलायचे, "भरून राह्यली" म्हणायचे. पण मध्ये कुठे पाणी आलं की हात मागे घ्यायचे. पावसात अंगणात डबकं साचलं तरी मुलीला म्हणायचे, "नारंगी, तू पुढं जाय, माह्याजवळ नोको येऊ." कोरड्यात गोटी, ओल्यात नारंगी. मुलगी दोन्ही नावांना ओ द्यायची. शाळेत घालताना मी एक चांगलंसं नाव योजून ठेवलं होतं. मास्तरांनी विचारलं, आणि मी बोलायच्या आधी तीच बोलली, "नारंगी." तेच लागलं. नावेची गोष्ट ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घ्यायची. संत्री वर येतात तिथे टाळ्या वाजवायची, आणि दुपट्टा फाडला तिथे गप्प व्हायची.

ती पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. सावरगावात काकाजींच्या बहिणीला बरं नव्हतं म्हणून आम्ही तिघं निघालो. आदल्या दिवशी मोठा पाऊस होऊन गेला होता. ऊन पडलं होतं, पण जाम भरून चालली होती, पुलाखाली गढूळ पाणी घुमत होतं. मी मुलीचं मनगट धरून भराभर पलीकडे गेले. काकाजी मागून येत होते, एका ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून. त्या माणसाला कुणीतरी मागून हाक मारली. "थांबा जरा," म्हणून तो वळला आणि परत गेला. काकाजी पुलाच्या मध्यावर एकटे राहिले. डोळे मिटलेले, दोन्ही हात हवेत, धरायला काही नाही.

माझ्या हातातलं मनगट निसटलं. मुलगी परत पळत निघाली होती. त्या पुलाला कठडा घोट्याएवढा होता, आणि ती त्या पाण्यावरून, नदीकडे न बघता, धावत होती.

पावलं ऐकून काकाजी मागे सरले. "कोन हाय? नारंगी? दूर हो पोरी. पानी हाय. मी गोटा आहो."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "मी नारंगी आहो ना. मले धरा, मंग तुमी बुडत नाही."

त्यांनी डोळे काही उघडले नाहीत. हात तेवढा पुढे केला.